सविस्तर कळवणाऱ्या बाई

साऱ्या जगातले पालक एका बाजूला आणि आमच्या तिसरी ‘ब’च्या बाई एका बाजूला असा सामना लावला, तर आधी पालक दमतील, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. मी तिसरी ‘अ’ची वर्गशिक्षिका. आमच्या दोघींच्या वर्गांमध्ये एक भिंत आहे आणि त्या भिंतीला वर एक झरोका आहे, त्यामुळे त्यांचे पाढे माझ्या वर्गात आणि माझं ओरडणं त्यांच्या वर्गात बिनदिक्कत येत-जात असतं. गारखेड्यातल्या आमच्या या शाळेत पालकांच्या मेसेजांना कंटाळून शिक्षकांनी काय काय केलं नाही ते विचारा. चित्रकलेच्या सरांनी दुसरा फोन घेतला आणि पहिला कपाटात कोंडून वर कुलूप लावलं. पीटीचे सर कुठल्याही प्रश्नाला ‘मैदानावर आहे’ असं उत्तर देतात. मागे पाय मोडून तीन आठवडे घरी पडून होते, तेव्हाही ते मैदानावरच होते. मी स्वतः ‘हो’, ‘नाही’ आणि ‘उद्या बघते’ या तीन उत्तरांवर सहा वर्षं काढली. आणि या सगळ्या रडक्या मंडळींच्या मधोमध बसून ‘ब’च्या बाई चहा पिता पिता आनंदाने टाइप करत असत. “बेचाळीस घरची माणसं आपल्या खबरीची वाट बघायलीत,” त्या म्हणायच्या, “अन् तुम्ही तोंडं काहून पाडायलेत मॅडम? मला तर लई भारी वाटतं.”

बाई मूळच्या पिशोर गावाकडच्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, चालणं मात्र असं की मागून येणाऱ्याला पळावंच लागतं. फोनसाठी त्यांनी क्रोशाची पिशवी विणली होती आणि ती गळ्यात असायची. टाइप करायच्या त्या एकाच बोटाने, उजव्या हाताच्या पहिल्या, आणि टाइप करताना ओठ हलायचे, त्यामुळे शेजारी बसलेल्याला पालकांच्या आधी सगळं कळत असे. बोलताना पक्कं पिशोर, पण लिहायला बसल्या की एकदम शासकीय परिपत्रक. आवाज रेकॉर्ड करून पाठवण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. “बोललेलं विरून जातं. लिहिलेलं माणूस दोनदा वाचतं,” असं त्यांचं मत होतं.

पहिला दणका एका आईला बसला. तिने बिचारीने ग्रुपवर ‘ओमने डबा खाल्ला का?’ एवढंच विचारलं होतं. मधल्या सुट्टीत उत्तर गेलं ते असं: ‘सप्रेम नमस्कार. ओमने दोन पोळ्यांपैकी दीड खाल्ली. उरलेल्या अर्ध्या पोळीचे तुकडे खिडकीतल्या चिमण्यांना घातले, त्यामुळे अन्न वाया गेले असे म्हणता येणार नाही. भेंडीची भाजी बाबांनी केल्याचे त्याने सांगितले. ती चिकट होती. खात्री करण्यासाठी मी चाखून पाहिली. बाबांनी भेंडी धुतल्यावर फडक्याने पुसून घ्यावी. कळावे, लोभ असावा.’ बेचाळीस घरांत एकाच वेळी ही भेंडी पोचली. आम्हाला वाटलं, आता भांडण. पण संध्याकाळी त्या बाबांचा फोन आला तो पुसल्यानंतर चिरायची की चिरून पुसायची हे विचारायला. बाईंनी त्यांना पाऊण तास भेंडी शिकवली. हल्ली ओमच्या डब्यात भेंडी असली की बाई खात्री करण्यासाठी बऱ्यापैकी वाटीभर चाखतात.

हे सगळं कळवायचं तर आधी दिसलं पाहिजे, आणि बाईंना सगळं दिसायचं. मधल्या सुट्टीत हातात छोटी डायरी घेऊन त्या रांगांमधून फिरायच्या आणि पोलीस पंचनामा करतात तशी नोंद करायच्या. थंडीत कुणाच्या तरी आईने ‘स्वेटर घातलेला आहे ना?’ असं विचारलं, तर बाईंनी स्वेटर किती वाजता काढला, किती वाजता घातला, मध्ये कुणाच्या अंगावर होता आणि त्याची तिसरी गुंडी नेमकी कुठे पडली, हे सगळं वेळेसकट कळवलं. गुंडी दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत घरी गेली. आणि मकबऱ्याच्या सहलीच्या दिवशी तर त्यांनी कहरच केला. बस शाळेच्या फाटकातून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत बाईंनी धावतं वर्णन चालवलं होतं. ‘बस छावणीपाशी पोचली. एका मुलास उलटी झाली. नाव सर्वांसमोर देणे योग्य नाही. त्याच्या आईस स्वतंत्र कळवले आहे.’ झालं. पुढच्या दोन मिनिटांत एकोणीस आयांनी ‘माझा का?’ म्हणून विचारलं, आणि बाईंनी एकोणीस जणींना स्वतंत्रपणे, नाव घेऊन, ‘आपला नव्हे’ असं कळवलं. ते संपेपर्यंत मुलं मकबरा बघून बाहेर आली होती. मकबरा बाईंनी पाहिलाच नाही, पण त्याची त्यांना अजिबात खंत नव्हती. उलट परत येताना त्यांचा चेहरा सामना जिंकल्यासारखा फुलला होता.

या निरोपांची पालकांना हळूहळू चटकच लागली. कन्नडला राहणारे एक आजोबा नातवासाठी म्हणून ग्रुपमध्ये आले आणि उरलेल्या एक्केचाळीस मुलांचीही चौकशी करू लागले. ‘परवा ज्या मुलीचा दात हलत होता, तो पडला काय?’ असा त्यांचा मेसेज मी स्वतः वाचलाय. दात पडला होता. बाईंनी तो कुठे ठेवलाय हेही कळवलं.

बाई नुसत्या गोड बातम्या देत नसत, हे मात्र सांगायला हवं. लेकराचा गुण जितक्या तपशिलात, तितक्याच तपशिलात त्याचा अवगुण. कुणी कुणाला चिमटा काढला, कुणी गृहपाठ शेजारणीकडून उतरवला, कुणी पोट दुखतंय म्हणून खोटं सांगितलं, सगळं त्या-त्या घरच्या फोनवर वेगळं जायचं. पालक रागवायचे, वाद घालायचे, ‘आमचा असा नाही’ म्हणायचे. बाईंना त्याचंही कौतुक वाटे. फक्त एक बाप कधी वाद घालत नसे. तो गवंडीकाम करायचा आणि त्याची मुलगी वैष्णवी ही वर्गातली सगळ्यात उचापती मुलगी होती. तिच्याबद्दल रोज काही ना काही लिहावंच लागे. आणि रोज संध्याकाळी त्या घरून उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र येई. “बाप असावा तर असा,” बाई मला फोन दाखवत म्हणायच्या. “पोरीबद्दल काय बी लिवा, शांतपणी ऐकून घेतो. तुमच्या शिकलेल्या लोकाला जमतं का हे?”

एकदा मी त्यांना चिडूनच विचारलं की बाई, एवढं लिहिता कशाला? ‘ठीक आहे’ म्हणावं आणि मोकळं व्हावं. त्यांनी बोट थांबवलं. मग म्हणाल्या, “माझा बाप बाजाराच्या दिवशी पिशोरला वांगी घेऊन यायचा. वांगी विकली की शाळेच्या दारात येऊन उभा राहायचा अन् गुरुजीला विचारायचा, पोरगी कशी हाय. गुरुजी म्हणायचे, ठीक आहे. संपलं. घरी गेला की माय विचारायची, काय म्हणले गुरुजी? ठीक हाय म्हणले. अन् अजून? अजून काय नाय. मग दोघं बी गप बसायची.” एवढं सांगून त्यांनी पुन्हा बोट चालवायला घेतलं. मला वाटतं, कुणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याबद्दल होतं ते.

ऐकून मला वाईट वाटलं, हे कबूल करते. पण माझाही इलाज नव्हता. कारण झरोक्यातून पाढे यावेत तशी बाईंची कीर्ती माझ्या वर्गाच्या पालकांत आली होती. ‘ब’च्या बाई स्वेटरची वेळ सांगतात, तुम्ही ‘हो’ म्हणून सोडून देता. ‘ब’च्या बाईंनी दात जपून ठेवला, आमच्या मुलाची तर पाण्याची बाटली सापडत नाही. एका आईने तर मला तोंडावर विचारलं की मॅडम, तुमचं मुलांकडे लक्ष असतं ना? त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरी जाऊन एक अर्ज लिहिला. शिक्षकांनी पालकांशी वैयक्तिक निरोपांची देवाणघेवाण करू नये, सर्व सूचना कार्यालयामार्फत जाव्यात, इत्यादी. चार ओळींचाच होता, पण मी तो तीनदा लिहून काढला. चित्रकलेच्या सरांनी सही केली, पीटीच्या सरांनी मैदानावरून येऊन सही केली, आणखी दोघींनी केली. बाईंचं नाव त्यात कुठे नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

मुख्याध्यापिकांनी अर्ज शिक्षकखोलीत वाचून दाखवला. कुणी लिहिलाय ते सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, आपल्या डब्यातली थालीपिठं अर्धी माझ्या झाकणात ठेवली आणि म्हणाल्या, “अर्ज चांगला लिहिलाय मॅडम. एक शब्द बी जास्तीचा नाय.” मी थालीपीठ खाल्लं. चव लागली नाही.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही तुकड्यांच्या पालकांची सभा भरली. मुख्याध्यापिका माणूस म्हणून सरळ. त्यांनी सांगितलं, “नियम करायला मला आवडत नाही. पण या निरोपांनी मुलांचं काही भलं होत असेल, त्यांच्या चुका घरी कळून त्या सुधारत असतील, तर ‘ब’ तुकडीपुरती मी परवानगी देईन. नुसतं कौतुक आणि डब्याची यादी असेल, तर बंद.” बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पिशवी गळ्यात, फोन पूर्ण चार्ज केलेला, आणि चेहऱ्यावर इतका उत्साह की त्यांना आज शिक्षा व्हायची आहे की सत्कार, हे बाहेरच्याला सांगता आलं नसतं. घाबरायचं कारणच नव्हतं त्यांना. वर्षभराचं सगळं बरंवाईट त्या फोनमध्ये होतं.

ओमचे बाबा उठले आणि त्यांनी भेंडीची कथा सांगितली. हॉल हसला. स्वेटरवाल्या आई उठल्या आणि म्हणाल्या, “खरं सांगू का, मला आता काही विचारायचीच भीती वाटते. एक विचारलं की दोन पानं येतात. पण बंद करू नका.” पुन्हा हशा पिकला. मुख्याध्यापिकाही हसल्या, पण म्हणाल्या की हे सगळं डब्याचं आणि कपड्यांचं झालं. चुकांबद्दल कुणी सांगेल का? यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आपल्या लेकराने चिमटे काढले, हे भर सभेत उठून कोण सांगणार? बाई वळून वळून सगळ्यांकडे बघत होत्या. आणि तेवढ्यात मागून वैष्णवीचे वडील उठले.

कामावरून तसेच आले होते, बाह्यांवर सिमेंट सुकलेलं. वैष्णवी त्यांच्या बाजूला उभी. बाईंच्या चेहऱ्यावर एकदम दिवाळी. हा समजूतदार बाप, रोज सगळं सोसून अंगठा पाठवणारा. याच्यापेक्षा पक्का साक्षीदार कुठला?

“म्याडम, मला बोलता येत नाय नीट,” ते म्हणाले. “मला अन् हिच्या मायला वाचता येत नाय. सही तेवढी येती. पर बाई रोज लिवतात आन माझी पोरगी मला वाचून दाखवती. जेवायला बसायच्या आधी. आमी दोघं हात धुऊन बसतो, मग ती वाचती. आज वैष्णवीनं सगळ्यात आधी गणित सोडवलं. आज वैष्णवीनं पडलेल्या पोरीला उचललं. आज बाईनं वैष्णवीचं अक्षर साऱ्या वर्गाला दाखवलं. साऱ्या वर्षात पोरीची एक तक्रार नाय म्याडम. एक बी नाय. आमच्या घरात असं कुणाबद्दल कुणी लिवलं नव्हतं कधी. ते बंद नका करू.”

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. त्याच आठवड्यात बाईंच्या शेजारी बसून मी त्यांचे ओठ वाचले होते. सोमवारी: वैष्णवीने मैत्रिणीच्या वहीवर शाई सांडली व दोष खिडकीला दिला. बुधवारी: वैष्णवीने गृहपाठ मांजरीने नेल्याचे सांगितले. चौकशीअंती मांजर नसल्याचे निष्पन्न झाले. वैष्णवी खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, “बाई, वर्षभरात एकही तक्रार नाही? तुम्ही तर मला म्हणाला होतात की खरं असेल ते सगळं लिहिता.”

बाईंनी फोन पिशवीतून काढला होता. माझ्या जागेवरून मला फोनचा पडदा दिसत होता. वैष्णवीच्या घरचं पान उघडलेलं, खाली खाली जाणाऱ्या लांबलचक ओळी आणि प्रत्येकीखाली तो अंगठा. एक निरोप वाचून दाखवायचा अवकाश, बाई जिंकल्या होत्या. त्यांनी वैष्णवीकडे पाहिलं. मग तिच्या वडिलांकडे पाहिलं. ते अजून उभेच होते, बाई आता काय सांगतात ते ऐकायला, हात पुढे बांधून. भेंडी, गुंडी, दात, लोणचं, आयुष्यात ज्यांनी एक कण गाळला नाही, त्या बाईंनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “पोरगी गुणाची हाय. लिहायला वाईट काय नव्हतं.”

एवढंच. दोन वाक्यं. मी तेव्हा उठून सांगू शकले असते की मी वाचलंय, अर्ज माझा आहे आणि मी तो मागे घेते. मी उठले नाही. मुख्याध्यापिकांनी मान हलवली आणि सोमवारपासून सगळ्या सूचना कार्यालयातून जातील असं जाहीर केलं. लोक उठले, खुर्च्या सरकल्या.

जिन्यात मी बाईंना गाठलं. म्हटलं, “बाई, फोन दाखवायचा होता. एक मेसेज पुरला असता.” त्या नेहमीच्या वेगाने उतरत होत्या, मी मागून पळत होते. “अन् त्या माणसाला सगळ्यापुढं खाली बसवायचं का मॅडम?” त्या म्हणाल्या. दोन पायऱ्या उतरल्या आणि एकदम थांबल्या. मला वाटलं, रडतायत. पाहते तर हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “ऑगस्टात ही पोरगी जोडाक्षर दिसलं की रडायला लागायची. आता रोज माझं एवढं मोठं पान वाचती, त्यातलं कुठलं झाकायचं ते हुडकती, अन् त्याच्या जागी तेवढंच लांब दुसरं रचती. मायबापाच्या पुढ्यात, न अडखळता. लपवायचं म्हटलं तरी आधी वाचावं लागतं नं? लई हुशार निघाली. लई हुशार.” आणि हे आता कुणालाच कळवता येणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हात पिशवीकडे गेला आणि परत आला.

त्याला आता तीन महिने झाले. कार्यालयातून मेसेज येतात: ‘उद्या शाळा नियमित भरेल.’ ‘गणवेश स्वच्छ असावा.’ कन्नडच्या आजोबांनी दोनदा कुणाचा तरी खोकला विचारला, आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. बाई शाळा सुटली की फाटकाशी उभ्या राहतात. नियम लिहिण्याबद्दल आहे, बोलण्याबद्दल नाही. पालकांचा घोळका जमतो, रिक्षावाले हॉर्न वाजवतात, आणि बाई घाईघाईने, विरून जाईल म्हणून की काय, जमेल तेवढं सांगत सुटतात. बेचाळीस जणांचं होत नाही. दहा-बारा जणांचं होतं.

परवा मी स्कूटीची किल्ली शोधत तिथेच उभी होते. वैष्णवीचे वडील आले होते. त्यांनी विचारलं, “बाई, आज कशी होती पोरगी?” बाईंनी तोंड उघडलं, मग वैष्णवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आज म्या न्हाय सांगत. तीच सांगंल.” वैष्णवीने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. वडील वाट बघत होते, बाईही. मग ती म्हणाली, “आज मी रियाचं रबर घेतलं. न विचारता.” आणि थोड्या वेळाने, “परत नाही दिलं अजून.” वडिलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. वडिलांनी मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दोघं निघाली. चालता चालता ते खाली वाकून तिला काहीतरी विचारत होते आणि ती सांगत होती, हातवारे करून, खूप वेळ.

मला किल्ली सापडली. माझ्या वर्गाचे पालक माझ्या शेजारून आपापली मुलं घेऊन जात होते, हसून मान डोलवत, न थांबता. माझा फोन पर्समध्ये शांत पडलेला असतो. कुणी डबा विचारत नाही, कुणी स्वेटर विचारत नाही, कुणाला माझ्याकडून काहीच नको असतं. अर्जात मी हेच मागितलं होतं.